गावाच्या पाण्यासाठी अनुदान: पहिला अर्ज करणाऱ्यांसाठी

फोन बहुतेक वेळा मार्चमध्ये येतो. विहिरींनी तळ गाठलेला असतो, टँकरचा प्रस्ताव तहसीलला गेलेला असतो, आणि गावातला एखादा धडपडा मुलगा किंवा बचत गटाची अध्यक्ष विचारते, "ताई, आमच्या बंधाऱ्यासाठी कुठून निधी मिळेल का?" मी उलट विचारते, "गावात विहिरी किती? त्यातल्या आज किती चालू आहेत?" पलीकडे शांतता पसरते.

ती शांतता मोडायची कशी, इथूनच हा लेख सुरू होतो. दुष्काळी पट्ट्यातल्या गावांबरोबर बसून मी बरीच वर्षं प्रस्ताव लिहिते आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. ज्या गावाला आपलं पाणी मोजता येतं, त्याला पैसे मिळतात. ज्याला फक्त टंचाईचं वर्णन करता येतं, त्याला सहानुभूती मिळते. तेव्हा देणगीदारांची यादी शोधायला बसण्याआधी पुढचे चार दिवस शिवारात घालवा.

आधी मोजा

तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा घ्या आणि सातआठ जणांनी मिळून शिवारफेरी करा. माथ्यापासून सुरुवात करून ओढ्याकाठाने खाली या. प्रत्येक विहीर, बोअर, पाझर तलाव, बंधारा नकाशावर गट नंबरासह टिपा. विहिरीचं पाणी मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. दोरीला दगड बांधायचा, दर मीटरला गाठ मारायची आणि दोरी सोडायची. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या ते वहीत लिहायचं. हे वर्षातून दोनदा करा, ऑक्टोबरमध्ये आणि मेमध्ये. दोन वर्षांची अशी वही असलेलं गाव मला क्वचित भेटतं. भेटतं तेव्हा अर्धा प्रस्ताव तयार असल्यासारखाच असतो.

मग हिशेब मांडा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी पडतं. हजार हेक्टरच्या शिवारात ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५०० कोटी लिटर झालं. यातलं बरंचसं बाष्प होऊन उडतं, काही पिकांच्या मुळांशी राहतं, काही ओढ्याने गावाबाहेर जातं आणि थोडंच जमिनीत मुरतं. आता गरज बघा. गाव दीड हजार लोकांचं धरा आणि जल जीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर धरा. वर्षाचे झाले साधारण तीन कोटी लिटर. पाटाने भिजवलेल्या एका हेक्टर उसाला अंदाजे दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे दीड हेक्टर ऊस पितो, तेवढ्या पाण्यात अख्खं गाव वर्षभर पिऊ शकतं.

हा हिशेब मी एकदा शाळेच्या फळ्यावर खडूने मांडला होता. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी सावकाश उठल्या, फळ्याजवळ आल्या, "तीन कोटी" वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मग टँकर कशापायी येतो आपल्याकडं?" त्या दिवशीची बैठक तीन तास चालली. कोणी बंधाऱ्याचा विषयसुद्धा काढला नाही. आधी पिकांवर बोलणं झालं, मग बोअरवर.

हिवरे बाजारने नेमकं हेच केलं. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पुढे गावात पाणलोटाची कामं झाली, पण गाव टिकलं ते दरवर्षी मांडलेल्या पाण्याच्या ताळेबंदावर. पाऊस किती झाला ते बघून पिकं ठरतात. शेतीसाठी बोअरला बंदी आहे, उसासारख्या पिकांवर बंधन आहे. तुमच्या गावाला हे सगळं एकदम जमणार नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही. पण पाणी अडवायला पैसे मागताना पाणी उपसण्याबद्दल गावाने काहीच ठरवलेलं नसेल, तर समोरचा जाणता माणूस पहिल्याच भेटीत तिथं बोट ठेवतो.

ग्रामसभेचा ठराव

महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा होतात. तुमचा विषय विषयपत्रिकेवर यावा म्हणून ग्रामसेवकांकडे आधीच लेखी द्या. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या लागते. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथं हा विषय आवर्जून मांडा. पाण्यासाठी चालणाऱ्या बायकांना कोणती विहीर कधी आटते हे तोंडपाठ असतं, आणि पुढे कामावर लक्षही त्याच ठेवतात.

ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: कोणतं काम कोणत्या गटात, जमीन कोणाची, लोकवाटा किती, आणि काम झाल्यावर देखभाल कोण करणार. "सर्वानुमते मंजूर" एवढंच लिहिलेला ठराव कामाला येत नाही.

जमिनीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथं मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका गावात आम्ही माती नालाबांधाची जागा ठरवली. सगळे म्हणाले गायरान आहे, वाडवडिलांपासून गुरं तिथंच चरतात. सातबारा काढला नाही. प्रस्ताव मंजूर झाला, देणारी कंपनी पाहणीला आली, आणि मोजणीत निघालं की बांधाचं एक टोक वनजमिनीत जातं. परवानगी मिळेपर्यंत आर्थिक वर्ष संपलं आणि तो निधी दुसऱ्या गावाला गेला. चूक आमची होती. तेव्हापासून जागेचा सातबारा आणि संबंधित खात्याचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय मी प्रस्तावाची पहिली ओळही लिहीत नाही. खासगी शेतातून बांध जात असेल तर त्या शेतकऱ्याचं संमतीपत्र घ्या, आणि सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावं असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या.

कोणतं काम कोणत्या पैशातून

नवीन माणूस सगळी कामं एका अर्जात घालतो आणि पन्नास लाखांचा आकडा टाकतो. तसं करू नका. कामांची फोड करा आणि प्रत्येक कामाला त्याचा पैसा शोधा.

अकुशल मजुरीची कामं, म्हणजे सलग समतल चर (उतारावर एकाच उंचीवरून आडवे खणलेले चर), दगडी बांध, शेततळी, वृक्षलागवड, ही रोजगार हमीतून होऊ शकतात. त्यांच्यासाठी देणगीदाराकडे जाणं म्हणजे हक्काचा पैसा सोडून देणं. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात त्यातला ६० टक्के बंधित होता: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पुनर्वापरासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. सध्याच्या वर्षाचे नियम ग्रामसेवकांना विचारा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: ग्रामपंचायत विकास आराखड्यात नाव नसलेल्या कामाला हा पैसा मिळत नाही. आराखडा पुढच्या वर्षासाठी आधीच तयार होतो, म्हणून २ ऑक्टोबरची ग्रामसभा चुकवू नका.

तलावातला गाळ काढायचा असेल तर राज्याची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे. मोठ्या पाणलोटासाठी नाबार्डकडे पाणलोट विकास निधी आहे, १९९९-२००० पासूनचा. त्याची घडण इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून आली. फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या त्या कार्यक्रमाचा क्रम मला आजही सर्वांत शहाणा वाटतो. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचं, मग थोड्या क्षेत्रावर काम करून शिकायचं, आणि ते नीट झालं तरच पूर्ण पाणलोटाचे पैसे. तुमचा देणगीदार अशी अट घालत नसला, तरी हाच क्रम तुम्ही स्वतःहून ठेवा.

मग अनुदान कशाला मागायचं? या सगळ्या योजनांमध्ये जे बसत नाही, त्याला. यंत्राचं भाडं आणि डिझेल, भूजल तज्ज्ञाची पाहणी, जलमापनाची साधनं, गावातल्या चार मुलामुलींचं प्रशिक्षण, जुन्या बंधाऱ्याची दुरुस्ती, सरकारी बिल निघेपर्यंतची मधली गरज. दोन लाखांच्या अशा अनुदानावर वीस लाखांचं सरकारी काम मार्गी लागलेलं मी पाहिलं आहे. प्रस्तावात ही सांगड दाखवलीत की देणाऱ्याचा उत्साह वाढतो, कारण त्याच्या रुपयामागे आणखी रुपये उभे दिसतात.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा म्हणजे सीएसआरचा पैसा कंपनी कायदा, २०१३ खाली येतो. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चावी लागते. पर्यावरण, ग्रामविकास हे विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेतच, आपत्ती व्यवस्थापन २०१९ मध्ये त्यात आलं. कायदा कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, म्हणून मुंबईतल्या बड्या नावांमागे धावण्याआधी तुमच्या तालुक्याजवळच्या एमआयडीसीत चौकशी करा.

वेळेचं गणितही सांगते. कंपनीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आपलं जूनच्या पावसाला. मार्चमध्ये अर्ज केलात तर पैसे येईपर्यंत मृग लागतो आणि काम वर्षभर लटकतं. अर्ज दिवाळीच्या आसपास करा, म्हणजे फेब्रुवारी ते मे हातात राहतात.

लहान संस्थांसाठी जीईएफ म्हणजे जागतिक पर्यावरण सुविधेचा स्मॉल ग्रँट्स प्रोग्राम हाही एक रस्ता आहे. १९९२ पासून चालू असलेल्या या जागतिक कार्यक्रमातून स्थानिक संस्थांना छोटी अनुदानं मिळतात. मागणी मात्र पर्यावरणाच्या अंगाने मांडावी लागते.

कोकणातल्या आणि नदीकाठच्या गावांचं दुखणं वेगळं आहे. तळियेची दरड २०२१ ची, इर्शाळवाडीची २०२३ ची, कोल्हापूर-सांगलीचा महापूर २०१९ चा. तिथं बंधाऱ्याऐवजी पर्जन्यमापक, भोंगा, बोट, दोर, निवाऱ्याची जागा आणि सराव केलेली तरुणांची टोळी लागते. अशा कामांसाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाशी बोला. राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठीच आहे. अर्जाची बाकी रीत सारखीच.

संस्था आणि कागद

इथं बरेच जण घाबरतात, आणि उगीच घाबरतात. पहिल्या वर्षी स्वतःची संस्था काढायची गरज नाही. ग्रामपंचायत, महिला ग्रामसंघ (गावातल्या बचत गटांचा संघ) किंवा तालुक्यात आधीपासून चांगलं काम करणारी नोंदणीकृत संस्था यांच्यामार्फत अर्ज करा. सीएसआरचा पैसा घेणाऱ्या खासगी संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय आयकराची १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी आणि सीएसआर-१ या अर्जातून मिळणारा क्रमांक. नव्या संस्थेकडे हे नसतंच.

पुढे स्वतःची संस्था काढायची असेल तर किमान सात जण जमवा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करा. मग पॅन, बँक खातं, १२ए, ८०जी, नीती आयोगाचं दर्पण पोर्टल, असा क्रम. दरवर्षी लेखापरीक्षण करा. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत फेरफार अर्ज द्या. हा अर्ज न दिल्याने कितीतरी संस्थांच्या कागदावर दिवंगत माणसं विश्वस्त म्हणून बसलेली असतात, आणि नेमकं अनुदानाच्या वेळी ते बाहेर येतं.

परदेशी पैशाची गल्लत फार होते. गावचा मुलगा दुबईला किंवा अमेरिकेत आहे, पारपत्र भारताचं आहे आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, तर ते परदेशी योगदान धरलं जात नाही. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असूनही तो पैसा परदेशीच. तो घ्यायला एफसीआरए म्हणजे परदेशी योगदान कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या काळात १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले दाखवावे लागतात. तेव्हा पैसे स्वीकारण्याआधी पाठवणाऱ्याचं पारपत्र कोणतं ते विचारा. आपल्याच माणसाला असं विचारायला अवघड वाटतं, तरी विचारा.

आणि "फंड काढून देतो, दहा टक्के आधी द्या" म्हणणारा कोणी दारात आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

प्रस्ताव लिहिताना

पाच-सहा पानं पुरतात. पहिल्या परिच्छेदावर जीव ओता. बहुतेक अर्ज असे सुरू होतात: "आमच्या गावात पाण्याची भीषण टंचाई असून ग्रामस्थ अत्यंत त्रस्त आहेत, तरी आपण सहकार्य करावे ही नम्र विनंती." यातून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्याऐवजी नमुन्यादाखल हे बघा:

"गावातल्या ६२ विहिरींपैकी ४१ मार्चअखेर कोरड्या पडतात. गेल्या तीन वर्षांत दरवर्षी सरासरी ७० दिवस टँकर लागला. गट नंबर ११८ मधल्या पाझर तलावात अंदाजे ५,००० घनमीटर गाळ आहे. तो काढल्यास तलाव एकदा भरल्यावर ५० लाख लिटर पाणी जास्त साठेल आणि खालच्या अंगाच्या १४ विहिरींना फायदा होईल. गाळ नेण्यासाठी ३३ शेतकऱ्यांनी नावं दिली आहेत, ते स्वतःच्या ट्रॅक्टरने नेतील. यंत्राच्या भाड्यासाठी आणि डिझेलसाठी अनुदान हवं आहे."

आकडे तुमच्या वहीतले टाका. फुगवू नका. पाहणीला येणारा माणूस आधी दोन विहिरींत डोकावतो, आणि तिथं खोटं उघडं पडलं की पुढचं काहीच तो खरं मानत नाही.

अंदाजपत्रक अभियंत्याकडून चालू दरसूचीप्रमाणे करून घ्या, पण ते स्वतःला समजेपर्यंत त्याच्याबरोबर बसा. वरच्याच उदाहरणात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावतो. पाच हजार घनमीटरला साडेसतराशेच्या वर खेपा झाल्या. रोज ६० खेपा धरल्या तर महिना लागेल. एवढे ट्रॅक्टर गावात आहेत का? गाळ टाकायची शेतं तेव्हा रिकामी असतील का? हे प्रश्न अंदाजपत्रकातच सुटतात. या खेपांचं भाडं बाजारभावाने धरून लोकवाट्यात दाखवा. शेतकऱ्याचं डिझेल, बायकांचं श्रमदान, जागेवर दिलेलं जेवण, हे सगळं मोलाचं आहे आणि हिशेबात यायला हवं. प्रवास, मजूर हजेरी, लेखापरीक्षकाची फी हेही खर्च आधीच लिहा. नंतर ते कोणाच्या तरी खिशातून जातात, बहुतेक सर्वांत गरीब कार्यकर्त्याच्या.

एक कळकळीची सूचना. ओढा खोल करायचा प्रस्ताव भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसाला दाखवल्याशिवाय पाठवू नका. पोकलेनने ओढे खणणं डोळ्यांना फार मोठं काम वाटतं, फोटोही छान येतात. पण कातळ फोडून खाली गेलात तर आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी उलट ओढ्यात झिरपून वाहून जाऊ शकतं. आणि माथ्यावर चर नसतील तर पहिल्याच मोठ्या पावसात खोल ओढा पुन्हा गाळाने भरतो. माथा ते पायथा हा क्रम मोडू नका, देणगीदाराला घाई असली तरी.

पाहणीचा दिवस आणि नंतर

पाहणीच्या दिवशी हार-तुरे नकोत. सरपंचांनी दोन मिनिटं बोलावं आणि सगळ्यांनी शिवारात जावं. विहीर मोजणाऱ्या मुलीला वही घेऊन पुढे करा.

पैसे आले की वेगळं बँक खातं ठेवा, दोन सह्यांचं, त्यातली एक सही बाईची. प्रत्येक कामाचा फोटो तीनदा काढा, आधी, चालू असताना आणि झाल्यावर, आणि तिन्ही वेळा एकाच जागेवर उभं राहून. एकच झाड किंवा खांब चौकटीत ठेवला की बदल आपोआप दिसतो. मस्टर म्हणजे मजुरांचा हजेरीपट रोजच्या रोज भरा. पावत्या त्याच दिवशी चिकटवा. एका बाबीतले पैसे उरले म्हणून दुसऱ्या बाबीवर खर्च करायचे असतील, तर आधी लेखी परवानगी घ्या. दर महिन्याला जमा-खर्च चावडीच्या फळ्यावर लिहा. गावात कुजबुज सुरू होण्याआधी आकडे भिंतीवर असलेले बरे. शेवटी सनदी लेखापालाकडून उपयोगिता प्रमाणपत्र घेऊन वेळेत पाठवा, आणि पुढच्या मे महिन्यात, कोणी मागितले नसले तरी, विहिरींच्या पातळ्यांचे नवे आकडे कळवा. दुसरं अनुदान बहुतेक वेळा याच पत्रातून मिळतं.

काम नीट झालं नसेल तर तेही कळवा. बांध फुटला असेल, पाऊसच झाला नसेल, रोपं जळाली असतील, तर कारणासह लिहा.

देखभालीचा कागद अर्ज करतानाच तयार ठेवा, आणि त्यात माणसांची नावं घाला. कोल्हापुरी बंधारा असेल तर पाऊस सरता सरता बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) कोण बसवणार, रबर कोण तपासणार, पुढच्या पावसाआधी बर्गे कोण काढणार, ते ठेवलेल्या खोलीची किल्ली कोणाच्या घरी असणार आणि ते घर कामासाठी परगावी गेलं तर दुसरी किल्ली कुठं असणार, हे सगळं लिहा.